डोस चुकला, आता पुढे काय?

आरोग्य सदर : वाचकांचे प्रश्न

बाळांच्या लसीकरणावर प्रश्न मागवले, तेव्हा 'लस द्यावी की देऊ नये' हाच सूर जास्त असेल असं वाटलं होतं. पत्रं आली ती भलतीच. माहेरी घेतलेला डोस सासरी धरतात का, लाइट गेल्यावर फ्रिजमधल्या लशीचं काय होतं, नर्सबाईंनी बाटली का फोडली नाही. अलिबागपासून देवगडपर्यंतच्या या पत्रांची उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि लसीकरणाचं काम रोज करणारे आरोग्य कर्मचारी यांनी मिळून दिली आहेत. वेळापत्रक सगळीकडे सरकारी कार्यक्रमातलंच धरलं आहे.

प्रश्न : माझं माहेर संगमेश्वर तालुक्यात, सासर नालासोपाऱ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. जन्मल्यावरचे आणि दीड महिन्याचे डोस गावी झाले. नंतर मी इकडे आले आणि अडीच महिन्यांचा डोस राहून गेला. बाळ आता साडेतीन महिने पूर्ण झालेलं आहे. शेजारणी म्हणतात, जिथं सुरू केलं तिथंच घ्यावं लागतं. गणपतीला गावी जाऊ तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होईल. तोवर थांबू का? आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

उत्तर : थांबू नका. पहिल्यापासून तर मुळीच सुरू करू नका. झालेला डोस फुकट जात नाही, जिथं थांबलं तिथून पुढे जायचं. दोन डोसांतलं अंतर चार आठवड्यांपेक्षा जास्त झालं तरी चालतं, कमी झालेलं चालत नाही.

हातात कार्ड घ्या आणि दीड महिन्याच्या रकान्यात बघा. त्या एकाच तारखेला पाच नोंदी असायला हव्यात : पोलिओचे दोन थेंब, डाव्या मांडीत पेंटा (डांग्या खोकल्यासह पाच आजारांची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाची लस), उजव्या दंडावर कातडीत दिलेली आयपीव्ही (पोलिओचीच टोचायची लस, ०.१ मिली, अगदी थेंबभर) आणि तोंडावाटे रोटा (जुलाबाची लस). आता या आठवड्यात तुमच्या जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलात की पेंटा, पोलिओ आणि रोटा यांचा दुसरा डोस मिळेल. आयपीव्ही आणि पीसीव्हीचा दुसरा डोस एरवी साडेतीन महिन्यांना असतो. बाळाला १४ आठवडे झाले आहेत आणि पहिल्या डोसाला ८ आठवडे उलटले आहेत, म्हणून हे दोन्हीही त्याच दिवशी देता येतात. ते आठवणीनं विचारा, कारण 'अडीच महिन्यांचा राहिलाय' एवढंच सांगितलं तर तेवढंच देऊन पाठवतील आणि एक फेरी वाढेल. मग किमान २८ दिवस सोडून पेंटा, पोलिओ, रोटाचा तिसरा डोस. तो गणपतीत गावी घेता येईल. मात्र गणपतीच्या सुट्ट्यांमुळे उपकेंद्राचं सत्र पुढेमागे सरकतं, तेव्हा निघायच्या आधी आशाताईंना फोन करून तारीख विचारा.

जिथं सुरू केलं तिथंच घ्यायचं, असा कुठलाही नियम नाही. सरकारी लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रात घेता येते. अडचण होते ती नोंदीची. यू-विन या सरकारी प्रणालीत बाळाची नोंद मोबाइल नंबरावर सापडते. माहेरी वडिलांचा नंबर दिलेला असतो, सासरी नवऱ्याचा देतात, आणि एकाच बाळाच्या दोन अर्धवट नोंदी तयार होतात. गावी कुणाचा नंबर दिला होता ते विचारून घ्या आणि इथंही तोच सांगा.

पाच महिन्यांपर्यंत थांबू नका असं आम्ही म्हणतो ते डांग्या खोकल्यामुळे. या आजाराचा जीवघेणा मारा पहिल्या सहा महिन्यांतच असतो. मोठ्या माणसाला नुसता लांबलेला खोकला होतो, तान्ह्या बाळाचा श्वास अडकतो. पेंटाच्या एका डोसानं थोडंसंच संरक्षण मिळतं.

जाता जाता एक. घरात 'सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही' असं असेल तर त्यावरून वाद घालायचं कारण नाही. दीड महिन्याचा डोस ४२ दिवस पूर्ण झाल्यावरच असतो. जन्मानंतरचे तीन तेवढे घरी जायच्या आधी झालेत ना, हे बघा : काविळीचा २४ तासांच्या आत, पोलिओचे थेंब पहिल्या १५ दिवसांत आणि बीसीजी (क्षयाची लस) शक्य तितकी लवकर.

प्रश्न : पेंटाच्या पहिल्या डोसानंतर मुलाला १०१ ताप आला, मांडी कडक झाली. घरच्यांनी गरम खोबरेल लावून चोळलं तर सूज वाढली. आता दुसरा डोस नको असं सगळे म्हणतात. खासगीत बिनतापाची लस मिळते, ती घ्यावी का? (दापोली)

उत्तर : ताप आला म्हणजे शरीरानं लशीची दखल घेतली. पेंटामधल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे पहिल्या एकदोन दिवसांत असा ताप येतो आणि तो दोन दिवसांत उतरतो. सूज मात्र चोळल्यानं वाढली. टोचलेल्या जागी तेल, हळद, चुना, शेक काहीही नको. साध्या पाण्यात भिजवलेली स्वच्छ घडी ठेवा. लहानशी गाठ राहिली आणि दुखत नसेल तर ती काही आठवड्यांनी आपोआप जिरते.

ताप आला तर पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला एका वेळी ५० ते ७५. दोन वेळांत सहा तासांचं अंतर आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोळ होतो तो बाटलीत. थेंबांची छोटी बाटली असते, तिच्यात सहसा १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे या बाळाला अर्धा मिली. सिरप दोन ताकदींचं मिळतं : ५ मिलीत १२५ किंवा ५ मिलीत २५०. पहिल्यातलं २ मिली द्यायचं, दुसऱ्यातलं १ मिली. शेजारणीनं सिरप डोळ्यांसमोर ठेवून 'दोन मिली द्या' सांगितलं आणि घरी थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं. म्हणून मिलीचा आकडा कुणाकडून उसना घेऊ नका. बाटलीवरचा आकडा नर्सबाईंना वाचून दाखवा आणि बाटलीबरोबर आलेल्या ड्रॉपरनं किंवा मापानंच द्या, घरच्या चमच्यानं नाही. औषध लशीच्या आधीच पाजून न्यायची गरज नसते.

ताप तीन दिवसांवर गेला, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं, झटका आला, तीन तासांहून जास्त वेळ सलग रडत राहिलं किंवा टोचलेली जागा लाल होऊन पू धरू लागली, तर दवाखाना. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप लागणं हा प्रकार फार क्वचित होतो. झाला तर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच होतो. म्हणून लशीनंतर तिथंच अर्धा तास बसायला सांगतात. परतीची एसटी चुकेल म्हणून बरेच जण दहा मिनिटांत उठतात, ते करू नये.

खासगीतल्या 'पेनलेस' लशीत डांग्या खोकल्याच्या जंतूचे निवडक भागच असतात, म्हणून ताप कमी येतो. तिचं संरक्षण मात्र लवकर ओसरतं, आणि किंमत तुम्हाला ठाऊक असेलच. परवडत असेल आणि सगळे डोस वेळेवर होणार असतील तर घ्यायला हरकत नाही. 'पुढच्या महिन्यात पैसे आले की देऊ' या नावाखाली डोस लांबणार असेल, तर सरकारी ताप बरा.

प्रश्न : आमची वाडी डोंगरात, रस्त्यापासून तासभर चालत. नऊ महिन्यांच्या लशीसाठी बाळाला घेऊन गेलो तर 'आज एकच मूल आहे, पुढच्या महिन्यात या' असं सांगितलं. लस असून का देत नाहीत? (खेड)

उत्तर : कारण बाटलीत आहे. गोवर-रुबेलाच्या बाटलीत सहसा पाच डोस असतात, बीसीजीच्या बाटलीत दहा. दोन्ही लशी पूड स्वरूपात येतात, सोबतच्या द्रवात कालवाव्या लागतात, आणि एकदा कालवल्या की चार तासांत संपवाव्या लागतात. पाचव्या तासाला उरलेली लस दिली तर तिच्यात जंतू वाढलेले असू शकतात. अशा लशीनं बाळाला काही तासांतच खूप ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि जीवही जाऊ शकतो. त्यामुळे चार तासांचा नियम कडक आहे आणि तो पाळणाऱ्या नर्सबाई बरोबरच करतात. पेंटा, पोलिओ, पीसीव्हीसारख्या द्रवरूप लशींची उघडलेली बाटली मात्र नीट थंड ठेवली तर २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्राला वापरता येते. म्हणूनच दीड महिन्याच्या बाळाला कुणी परत पाठवत नाही आणि नऊ महिन्यांच्या बाळाला पाठवतात.

पण तुम्हाला परत पाठवलं ते चूकच. एका मुलासाठीसुद्धा बाटली फोडायची आणि उरलेले चार डोस वाया गेले तर जाऊ द्यायचे, असंच सरकारी धोरण आहे. वाया गेलेल्या डोसांचा हिशेब द्यावा लागेल या भीतीनं काही ठिकाणी ते पाळलं जात नाही. पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हणा : 'एका बाळासाठीही बाटली उघडायची आहे ना? नसेल जमत तर कार्डावर तारीख घालून कारण लिहून द्या.' लिहून देण्याची वेळ आली की बहुतेकदा बाटली उघडते. नाहीच उघडली तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा.

तासभर डोंगर उतरायचाच आहे, तर आशाताईंकडून देय यादी (कुणाचा डोस बाकी आहे त्याची यादी) विचारून घ्या. आसपासच्या दोनतीन वाड्यांतली त्याच वयाची बाळं एकाच दिवशी आली तर सगळ्यांचंच काम होतं. नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकाच भेटीत गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस (हा जानेवारी २०२३ पासून आला, जुन्या कार्डावर त्याचा रकाना नसेल) आणि 'अ' जीवनसत्त्वाचं १ मिली औषध, एवढं मिळायला हवं.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस लाइट नसते. आरोग्य केंद्राच्या फ्रिजमधली लस खराब होत नाही का? अशी लस बाळाला द्यायची म्हणजे भीती वाटते. (राजापूर)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात काही गावं कित्येक आठवडे अंधारात होती.

आरोग्य केंद्रातलं यंत्र घरच्या फ्रिजसारखं नसतं. त्याला आयएलआर म्हणतात, झाकण वरून उघडतं. थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडलं तरी ती आतच राहते, आणि भिंतींच्या कडेनं बर्फाचा थर असतो. दिवसात आठ तास वीज मिळाली तरी हे यंत्र २ ते ८ अंश सेल्सिअस राखू शकतं. तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहावं लागतं. वीज जास्त काळ गेली तर लस बर्फाच्या कोल्ड बॉक्समध्ये हलवतात किंवा वीज असलेल्या केंद्रावर पाठवतात.

तरी तुमची खात्री व्हायला एक सोपी खूण आहे. बाटलीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत फिक्या रंगाचा चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला, किंवा चौकोन जास्त गडद झाला, की बाटली बाद. लस भरताना 'बाई, बाटली दाखवा' म्हटलं तर कुठल्याही नर्सबाईनं राग मानू नये, आणि बहुतेक मानतही नाहीत.

लोकांना उष्णतेची भीती वाटते, आम्हाला बर्फाची जास्त वाटते. पेंटा, कावीळ ब, पीसीव्ही आणि आयपीव्ही गोठल्या की निकामी होतात, आणि त्या जांभळ्या गोलावर गोठल्याची खूण उमटत नाही. गोठतात कुठे? बहुधा वाटेत. आरोग्य केंद्रातून वाडीवर लस नेताना निळ्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइस पॅक उभे करतात. डीप फ्रीजरमधून काढलेले पॅक तसेच ठेवले तर त्यांना चिकटलेली बाटली गोठते. म्हणून पॅक आधी टेबलावर काढून ठेवायचे, वरचा हिमाचा थर जाऊ द्यायचा, आणि कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला पाहिजे. मगच ते कॅरियरमध्ये. पहाटेची घाई असते, साकव ओलांडून जायचं असतं, आणि ही पायरी गाळली जाते.

याच पत्रात तुम्ही विचारलंय की डॉक्टरांनी लिहून दिलेली खासगी लस औषधाच्या दुकानातून घेऊन घरच्या फ्रिजमध्ये चार दिवस ठेवली तर चालेल का. नको. घरचा फ्रिज दिवसातून तीसदा उघडतो, दारातल्या खणात थंडावा टिकत नाही, वर बर्फाच्या कप्प्याखाली ठेवली तर गोठते, आणि लाइट गेली की चारेक तासांत सगळं गरम. सुरमईच्या पिशवीशेजारची जागा लशीसाठी नाही. लस डॉक्टरांनीच मागवावी आणि त्याच दिवशी द्यावी. आणावीच लागली तर थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून, लस बर्फाला टेकणार नाही अशी, आणि दुकानातून सरळ दवाखान्यात.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. गाव बंदराचं, वर सड्यावर चिरेखाणी. उपकेंद्राच्या अहवालात लसीकरण १०० टक्क्यांच्या वर दिसतं, पण खलाशांची आणि खाणकामगारांची मुलं कुठल्याच यादीत नाहीत असं मला वाटतं. नेमकं काय तपासावं? (देवगड तालुका)

उत्तर : तुम्हाला वाटतं ते बहुधा खरं आहे, आणि १०० च्या वरचा आकडा हाच त्याचा पहिला पुरावा. शंभर मुलांतल्या एकशे सात मुलांना लस देता येत नाही.

टक्केवारी काढताना खाली भागायचा आकडा अंदाजाचा असतो. लोकसंख्या जुन्या जनगणनेवरून पुढे ढकललेली आणि तिच्यावर जन्मदर लावलेला. कोकणात हा अंदाज दोन्हीकडून फसतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या जवळपास ५ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २ टक्क्यांहून जास्त घटली, माणसं मुंबईला गेली. त्याच वेळी लेकी बाळंतपणाला माहेरी येतात आणि पहिला डोस इथं घेऊन जातात, म्हणजे वरचा आकडा फुगतो. अहवाल खोटा नसतो. त्याच्यातून गावातली मुलं दिसत नाहीत, एवढंच.

देशाचं चित्र तुलनेला घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १२ ते २३ महिन्यांच्या मुलांत मूळ लशी पूर्ण झालेल्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ६२ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ७६.४ टक्के. सुधारणा मोठी आहे, तरी चारांतलं जवळजवळ एक मूल अर्धवट राहिलं. ही पाहणी घरोघर जाऊन, कार्ड बघून किंवा आईला विचारून होते. तुम्हीही तेच करा, टक्केवारीशी झगडू नका.

उपकेंद्राच्या नोंदवहीतून वर्षभरातले पेंटा-१ आणि पेंटा-३ चे आकडे घ्या. समजा पेंटा-१ ला ४० मुलं आणि पेंटा-३ ला ३४. सहा गळली, म्हणजे १५ टक्के. गळती १० टक्क्यांच्या वर असेल तर पाठपुरावा कमी पडतोय. पेंटा-१ च मुळात कमी असेल तर लोकांपर्यंत सत्र पोचतच नाही. हे झालं सर्वसाधारण गणित. कोकणात पुढची एक पायरी लागते : त्या सहांच्या घरी फोन करा. चार जणी सासरी विरारला गेल्या असतील आणि त्यांनी तिथं डोस घेतला असेल. उरलेली दोन मुलं खरी गळलेली. फोन न करता सहाच्या सहा मुलांमागे धावलात तर आशाताई दमतील आणि ती दोन मुलं तशीच राहतील.

खलाशी, खाणकामगार, बागेतले राखणदार यांची मुलं पेंटा-१ च्या आकड्यातसुद्धा नसतात. त्यांच्यासाठी आशाताईंबरोबर एकदा स्वतः फिरा. जेटीवरच्या खोल्या, खाणीवरची पत्र्याची शेड, आंबा बागेतलं नेपाळी कुटुंब. प्रत्येक मुलामागे लिहायचं : नाव, वय, कार्ड आहे का, कधी आले, कधी जाणार, आणि मुकादमाचा किंवा तांडेलाचा नंबर. 'कधी जाणार' हा रकाना सगळ्यात कामाचा आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे परगावचे खलाशी मे अखेरीस जातात आणि ऑगस्टच्या तोंडावर येतात. खाणी पावसात थांबतात. राखणदार आंबा संपला की हलतात. म्हणजे ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एक यादी, दिवाळीनंतर खाणी जोरात आल्या की दुसरी, आणि मेच्या सुरुवातीला एक शेवटचं सत्र, ज्यात पुढचा डोस कधी ते कार्डावर मोठ्या आकड्यात लिहून द्यायचं. मृग लागल्यावर केलेल्या यादीत मुलं सापडणार नाहीत.

यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या आणि ही ठिकाणं उपकेंद्राच्या सूक्ष्म नियोजनात वेगळं सत्र म्हणून लावायला सांगा. वेळ हा दुसरा मुद्दा. सत्र दहा ते चार, आणि त्याच वेळी आई मासळी सोलायला किंवा चिरे उचलायला. अर्धा दिवस गेला की अर्धी मजुरी गेली. खाणमालकाशी बोलून महिन्यातून दोन तासांची सुट्टी पगारी करून घेणं हे काम नर्सबाईंना जमत नाही, सदस्याला जमतं. आधार कार्ड नाही म्हणून कुणालाही परत पाठवू देऊ नका, लशीसाठी त्याची सक्ती नाही. आणि विजापूरकडची आई मराठी वाचत नाही, तिला तारीख आकड्यात आणि फोनच्या कॅलेंडरवर बोट ठेवून सांगितली की कळते.

ही खटपट कशासाठी, असं सभेत कुणी विचारलंच तर गोवर सांगा. एक रुग्ण लस नसलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना लागण करतो, आणि तो रोखायला दोन्ही डोस जवळपास ९५ टक्के मुलांना मिळावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या बाजूला गोवराचा उद्रेक झाला होता. गणपतीच्या गाड्या तिथूनच इकडे येतात.

प्रश्न : माझे मिस्टर कुवेतला असतात. त्यांना व्हॉट्सअॅपवर आलं की गोवराच्या लशीनं मूल मतिमंद होतं. ते फोनवर नको म्हणतात. मुलगा दहा महिन्यांचा आहे. (रत्नागिरी)

उत्तर : तो मजकूर ज्यातून निघाला ते संशोधन १९९८ मध्ये लॅन्सेट नियतकालिकात आलं होतं. अभ्यास होता अवघ्या १२ मुलांचा, दावा होता ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा. पुढे त्यातला लबाडीचा भाग उघड झाला आणि २०१० मध्ये लॅन्सेटनं तो लेख मागे घेतला. त्यानंतर लाखो मुलांवर अभ्यास झाले, संबंध सापडला नाही. ऑटिझमची लक्षणं साधारण दीड वर्षाच्या सुमारास ध्यानात येतात आणि गोवराची लसही त्याच काळात असते, म्हणून एकामुळे दुसरं झालं असं वाटतं.

मिस्टरांना हे ऐकवण्यापेक्षा पुढच्या सत्राला जाताना व्हिडिओ कॉल लावा आणि नर्सबाईंशी त्यांना बोलू द्या. दूर असलेल्या बापाला आपल्याला विचारलं जात नाही याचाच राग जास्त असतो, असं आमचं निरीक्षण आहे. लशीनंतर पाच ते बारा दिवसांनी हलका ताप आणि थोडं पुरळ येऊ शकतं, हे आधीच सांगून ठेवा. नंतर कळलं तर ते लशीवरच फोडतील. पुढे कुटुंबाला तिकडे नेणार असाल तर शाळा गालगुंडाच्या लशीचीही नोंद मागू शकते. सरकारी गोवर-रुबेलामध्ये ती नसते, खासगीतली एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) घ्यावी लागते.

थोडक्यात

*सर्दी-खोकला आहे, लस द्यावी का?* (मालवण) द्यावी. सर्दी, हलका ताप, पातळ शी यांसाठी थांबायचं नाही. दवाखान्यात भरती करण्याइतकं आजारी असेल तरच पुढे ढकला.

*बीसीजीचा व्रण उठला नाही.* (वेंगुर्ला) कार्डावर नोंद असेल तर पुन्हा नको. उठला आणि चिघळल्यासारखा दिसला तरी काही लावू नका, दोनतीन महिन्यांत वाळतो.

*बाळ अपुऱ्या दिवसांचं, दोन किलोचं. वजन वाढेपर्यंत थांबावं का?* (चिपळूण) नाही, जन्मतारखेपासूनच मोजायचं. अशा बाळांना लशीची गरज जास्त असते.

*रविवारचे पोलिओ डोस घेतले, मग कार्डावरचे कशाला?* (मुरुड) रविवारचे थेंब जादाचे असतात, कार्डावरच्या डोसांत धरत नाहीत.

*नऊ महिन्यांचं झालं, आता शाळेतच ना?* (अलिबाग) नाही, सगळ्यात जास्त विसरला जाणारा डोस पुढेच आहे. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेला दुसरा, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पोलिओ बूस्टर आणि 'अ' जीवनसत्त्व २ मिली. तोवर आई कामाला लागलेली असते, मूल धावतं, कार्ड कपाटात गेलेलं असतं. मग ५ ते ६ वर्षांना डीपीटी, १० आणि १६ ला टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस).

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात कार्ड वाहून गेलं. मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती. नंतरच्या डोसांचं नीट आठवत नाही. आता शाळेत कार्ड मागतात. (चिपळूण)

उत्तर : आधी लस टोचली त्या उपकेंद्रात जा. कार्डाची फाडलेली अर्धी पावती नर्सबाईंकडे राहते, महिन्यागणिक कप्पे असलेल्या कापडी पिशवीत ठेवतात. तीही भिजली असेल तर नोंदवही, आणि तीही नसेल तर गरोदरपणी दिलेल्या मोबाइल नंबरावरून सरकारी संगणकातली नोंद शोधायला सांगा. जन्म खासगी दवाखान्यात झाला असेल तर पहिल्या तीन डोसांची नोंद त्यांच्या डिस्चार्ज कागदावर असते.

अर्धी नोंद सापडली तर उरलेलंच द्यायचं. काहीच सापडलं नाही तर 'दिलं असेल' असं धरून चालायचं नाही, नाही दिलं असंच धरायचं. बीसीजी आणि पेंटा आता लागत नाहीत, वर्षानंतर सुरू करत नाहीत. सात वर्षांच्या आत असेल तर डीपीटीचे तीन डोस चार-चार आठवड्यांच्या अंतरानं. गोवर-रुबेलाचे दोन, एक महिन्याच्या अंतरानं; सरकारी केंद्रात ते पाच वर्षांपर्यंतच मिळतात, वय उलटलं असेल तर खासगीत एमएमआर. गोवराचा डोस चुकून दुसऱ्यांदा गेला तरी अपाय नाही. डीपीटी जास्त झाली तर दंड दोन दिवस जरा जास्त दुखेल.

नवं कार्ड मिळालं की लशीच्या पानाचा फोटो काढून स्वतःच्या, आईच्या आणि मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा. प्रत्येक डोसानंतर नवा फोटो काढा. कार्ड चेनच्या प्लास्टिक पिशवीत, रेशनकार्डाबरोबर, माळ्यावर.